खांबाचं डोकं

"ही बघा," सर म्हणाला आणि हातातल्या खडूचं टोक माझ्याकडे केलं. "उदाहरण शोधायला लांब जायला नको."

मी वर्गाच्या मधोमध उकिडवी बसले होते. एका पोराच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला होता. मी फडक्याने फरशी पुसत होते. बाकांवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरने फळ्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"शी शुड हॅव स्टडीड."

पोरांनी एका सुरात म्हटलं. शी शुड हॅव स्टडीड.

"शी कुड हॅव बिकम अ नर्स."

पोरांनी तेही म्हटलं.

"इफ शी हॅड स्टडीड, शी वुड नॉट हॅव बीन ऑन द फ्लोअर टुडे."

आता पोरं हसली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. एक 'नर्स' तेवढं कळलं. नर्स हा चांगला शब्द. माझ्याबद्दल काहीतरी बरं बोलतायत असं वाटलं, म्हणून मीही हसले. हातात गच्च ओलं फडकं, गुडघ्याशी घाण पाणी, आणि मी दात दाखवतेय.

शेवटच्या बाकावर, दाराजवळ, माझी धाकटी बहीण विमल बसलेली होती. तिचे ओठ हलत होते. तीही सगळ्यांबरोबर म्हणत होती. मान खाली घालून.

त्या माणसाला आम्ही सगळे सर म्हणायचो, अहो-जाहो करायचो. आता मी करणार नाही.

लातूर नवा जिल्हा झाला होता. आमचं गाव अहमदपूरकडचं. गावातल्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून वर 'लातूर' रंगवलं होतं. रंग पातळ होता, खालची अक्षरं दिसायची. लग्न होऊन मी लातूरला आले. मालक मार्केट यार्डात हमाली करायचे. शहरात नवी ऑफिसं, नवे साहेब, साहेबांच्या नव्या बायका. त्यांच्या पोरांना इंग्रजी पाहिजे होतं. म्हणून हा सर पुण्याहून आला आणि त्याने वर्ग काढला. वर्ग झाडायला, पाणी भरायला त्याने मला ठेवलं.

विमल माझ्याकडेच राहून शिकायची. बारावीला होती. बाकीचे विषय तिला जमायचे, इंग्रजीत ती अडायची. इंग्रजीसकट बारावी झाली तर नर्सिंगला जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दुसरं काही नाही. मी सरला विचारलं, हिला मागं बसू द्याल का. तो म्हणाला, "बसू दे की. फी नको मला. तू तेवढं दोन्ही वेळेला झाडत जा, आणि माझ्या घरचं पाणीही भर." मी हो म्हणाले. आनंदाने म्हणाले. विमलची जागा दाराजवळ होती, चपलांपाशी, पण जागा होती.

त्या दिवशी घरी आल्यावर विमल पीठ मळत होती, मी भाकरी थापत होते.

"नर्स काय म्हणला गं तुझा मास्तर?"

"काई न्हाई, आक्का."

"काई न्हाई, तर पोरं कशापायी दात काढायली होती?"

विमलने पिठात बोटं रुतवून ठेवली. मग म्हणाली, "मागल्या गोष्टींचा धडा चालू हाय. जे झालं न्हाई पर होऊ शकलं असतं, ते इंग्रजीत कसं बोलायचं. पश्चात्ताप कसा बोलायचा."

"अन् त्यात मी कुठून आले?"

"तुझ्यावर वाक्यं केली."

"सांग की मग. माझ्यावरचीच हायेत, मला सांगायला काय?"

तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. हिनं शिकायला पाहिजे होतं. ही नर्स होऊ शकली असती. शिकली असती तर आज फरशीवर बसली नसती.

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उलटली नाही.

मला लगेच राग आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. राग यायला वेळ लागला. आधी मला ते वाक्य खरंच वाटलं. शिकलेला माणूस, फळ्यावर लिहून सांगतो, पोरं एका सुरात म्हणतात. मग खरंच असेल. मी झाडायची आणि मनात म्हणायची, शिकायला पाहिजे होतं. पाणी भरायची आणि म्हणायची, शिकायला पाहिजे होतं. एखाद्याला चोर म्हणून सारखं हाक मारली की तो स्वतःचा खिसा चाचपून बघतो, तसं माझं झालं.

मग एके दिवशी वर्गाला जाताना रस्त्याच्या कडेला खोदकाम दिसलं. नव्या जिल्ह्याचं कसलंतरी नवं ऑफिस होणार होतं. मोठा खड्डा. आणि खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडलेला. माथ्यावर जुनं वाळलेलं गवत.

मी तिथेच उभी राहिले. घागर कमरेवर. हे मला माहीत होतं. हा खांब मला माहीत होता.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. माती खणून काढायची, टोपल्यात भरायची, बांधावर नेऊन टाकायची. खणण्याला चौकड्या म्हणायचे. जमिनीवर चौकोन आखून द्यायचे आणि तो खाली खणत जायचा. खणताना मधे मातीचा एक खांब शिल्लक ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही. कारण सगळं खणून झाल्यावर जमीन आधी कुठपर्यंत होती हे कळणार कसं? त्या खांबावरून. खांबाचा माथा म्हणजे जुनी जमीन. माथ्यापासून तळापर्यंत जेवढं, तेवढी माती तुम्ही उचलली. मोजणीवाला साहेब येऊन खांबाला टेप लावायचा. बाकीच्या खड्ड्याकडे बघायचाही नाही.

मी तेव्हा चौथीत होते. आमच्या वस्तीतली पोरं शाळेत दाराजवळ बसायची. मास्तर आमची पाटी हातात घेत नसे. लांबून बघायचा आणि बोटाने 'जा' म्हणायचा. तरी मी जायची. मला पाढे यायचे, धडा घडाघडा वाचता यायचा. शाळा सुटली तरी मी दारात रेंगाळायची.

कामावरचा मुकादम पाटलाचा भाचा होता. त्याने आमच्या वस्तीला कायदा घालून दिला. सरकारचा नव्हे, त्याचा. एका घरातून दोन माणसं द्या. दोन नसतील तर एकालाही काम नाही. पाटलाच्या आळीला असलं काही नव्हतं. आमच्या घरात बाप होता आणि आई होती. पण आईच्या पायात नारू निघालेला. पिंढरीतून धाग्यासारखा किडा बाहेर येत होता, काडीला गुंडाळून ठेवलेला. तिला उभं राहता येत नव्हतं. बाप मुकादमापुढे उभा राहिला, कमरेत वाकून.

"मालक, बायको पडून हाय. मी एकटा दोघांचं करतो."

मुकादम म्हणाला, "पोरगी हाय की तुझी. चांगली दांडगी हाय."

"ती साळंला जाती."

"मग तिलाच म्हण, साळंतनं भाकर आणून दे म्हणून."

कामाच्या यादीवर आईचं नाव आणि टोपलं माझ्या डोक्यावर. असं मी कामाला लागले. विमल तेव्हा चार वर्षांची. आईला ती झेपत नव्हती, म्हणून मी तिला कामावर न्यायची. तळ्याच्या जागेत एक झाड नव्हतं. मी विमलला त्या मातीच्या खांबाच्या सावलीत बसवायची. खांबाची सावली ती केवढी. सूर्य सरकला की मी येऊन तिला सरकवायची. खायला सरकारची सुकडी मिळायची, ती मुठीत धरून ती खांबाला पाठ लावून बसायची.

पण चौथीची परीक्षा मला द्यायची होती. बापाने मुकादमाला सांगितलं, एक सकाळ सोडा. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी पळत शाळेत गेले. हातापायाला माती तशीच. दाराजवळ बसले. मराठीचा पेपर होता. मी लिहीत होते. अजून आठवतं, पाण्याचं महत्त्व असा निबंध होता. त्या दुष्काळात! मी अर्ध्यात होते आणि दारात मुकादम येऊन उभा राहिला.

"मास्तर, आमचा एक माणूस हितं आलाय."

मास्तरने काय करायला पाहिजे होतं ते आता मला इंग्रजीतही सांगता येतं. त्याने काय केलं ते सांगते. तो उठला, माझ्याजवळ आला, आणि ज्या हाताने त्याने कधी माझी पाटी धरली नाही त्या हाताने माझा कागद ओढून घेतला.

"जा. तुझं बोलावणं आलंय."

मुकादम म्हणाला, "शिकून काय मामलेदारीण व्हायचंय का?"

सगळा वर्ग हसला. लातूरच्या वर्गात पोरं हसली ना, ते तेच हसू. तेव्हा मला ओळखू आलं नाही, कारण ते इंग्रजीत होतं.

आणखी एक. मुकादम मोजणीच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीच्या चौकड्यांवरून फिरायचा. हातात फावडं. मधल्या खांबाचा माथा तो फावड्याने उडवायचा. वीतभर, कधी हातभर. वरचं गवत गेलं, जुन्या जमिनीची खूण गेली. साहेब आला की खांब बुटका. म्हणजे आम्ही कमी खणलं, मजुरीही कमी. बाप म्हणायचा, साहेब, खांब उंच होता. साहेब म्हणायचा, मी समोर दिसतं ते मोजतो.

लातूरच्या त्या खड्ड्याशी उभी राहून मला सर कोण ते कळलं. तो समोर दिसतं ते मोजणारा होता. मी फरशीवर दिसते, तर मी आधीपासून फरशीवरच होते. माझा माथा उडवून तो माझी उंची सांगत होता, आणि वर हळहळत होता.

राग आला. आला तो आजपर्यंत गेलेला नाही.

त्याच आठवड्यात सरने मला बोलावलं. खूश होता. वर्गाचा कार्यक्रम ठेवला होता. नवे साहेब येणार, पोरांचे आई-बाप येणार.

"विमल बोलणार आहे," सर म्हणाला. "माय सिस्टर. तुझ्यावरच. त्या दिवशीची वाक्यं आहेत ना, तीच जरा वाढवून दिलीत मी. आणि तू स्टेजवर तिच्या शेजारी उभी राहायचं. झाडू हातात घेऊन. म्हणजे लोकांना चित्र दिसेल."

मी झाडायला लागले.

"अगं कौतुकच आहे तुझं. तुला बघून चार पोरं अभ्यासाला लागतील."

घरी येऊन मी विमलला म्हटलं, "म्या न्हाई उभी ऱ्हाणार."

विमल रडायला लागली. "आक्का, दोन मिन्टाचं हाय. म्या बोलते, संपून जातंय. परीक्षा तोंडावर हाय. सरनं काढलं तर मी कुठं जाऊ? दुसरीकडं फुकट कोण बसवून घेतंय?"

"तुला पटतंय का ते वाक्य?"

"वाक्याला काय पटायचं? मार्कापुरतं बोलायचं अस्तंय."

ती बरोबर बोलत होती. म्हणून मी गेले. झाडू घेऊन गेले. मनाशी ठरवलं, मुकाट उभी राहीन. टोपलं डोक्यावर असताना उभी राहिलेच की.

स्टेज म्हणजे चार बाकं जोडून वर सतरंजी. मला सरने कोपऱ्यात उभं केलं आणि झाडू छातीशी धरायला लावला. विमल बोलायला लागली. शुड हॅव. कुड हॅव. वुड हॅव. प्रत्येक वाक्याला पुढच्या रांगेतल्या बायका च्च च्च करत होत्या. जखमी कुत्र्याकडे बघून करतात तसं. एक बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "बिचारी. वेळेवर अक्कल आली नाही की असं होतं."

मी झाडू खाली ठेवला.

"सायेब, हे खोटं हाय," मी म्हणाले.

विमल थांबली. सर हसत हसत पुढे आला. "बाई, झालं तुझं काम. खाली उतर."

"उतरते. पर आदुगर ऐका. मी साळंत व्हते. चवथीच्या पेपराला बसले व्हते. लिहायली व्हते. माझ्या हातातला कागद ओढून घेतला अन् मला मातीवर नेलं. ओढणारा कोण, नेणारा कोण, ते तुमच्या इंग्रजीत कुठंच न्हाई. सगळीकडं मीच. मी शिकायला पायजे होतं, मी करायला पायजे होतं. त्यांनी काय करायला पायजे होतं ते कोण म्हणणार?"

"हे फक्त उदाहरण आहे. मनावर घेऊ नकोस," सर म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"उदाहरण तुमचं हाय. हाडं माझी हायेत."

कोणी टाळी वाजवली नाही. मागची पोरं खुसखुसली. नवे साहेब खुर्चीत जरा सरकले आणि म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. भावना पोचल्या. बसा." मग त्यांनी घड्याळ बघितलं. पुढचं पोरगं कविता म्हणायला आलं. मी स्टेजवरून उतरले. झाडू तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाला, "विमलला पाठवू नकोस. तूही दुसरं काम बघ. किती केलं मी तुमच्यासाठी. तुम्हा लोकांना चांगुलपणा पचतच नाही."

तुम्हा लोकांना. एवढ्या दिवसांत हे एकच वाक्य त्याने मला सरळ सांगितलं. गावचा मास्तर बोटाने सांगायचा, ह्याने तोंडाने सांगितलं.

विमल माझ्याशी बोलेना. बोलली तेव्हा एवढंच, "तोंड तुझं अन् नुकसान माझं." त्या वर्षी ती इंग्रजीत नापास झाली. पुढच्या वर्षी मी धुणीभांडी धरली, ती एकटीने पुस्तकाला डोकं लावून बसली आणि पास झाली. नर्सिंगला नांदेडला गेली. तिथेच नोकरी, तिथेच घर. पण अजूनही ती अधूनमधून म्हणते, "आक्का त्या दिवशी गप बसली असती, तर माझं एक वर्ष वाचलं असतं." हेही तेच वाक्य. फक्त मराठीत. तिला मी सांगितलंय की खांबाच्या सावलीत बसलेली पोर तू होतीस. ती म्हणते, मला आठवत नाही. चार वर्षांची होती, कशी आठवेल. पण मला वाटतं तिला आठवायचं नाही.

आता मी म्हातारी झाले. गेल्या महिन्यात नांदेडला विमलकडे गेले होते. तिची नात इंग्रजी शाळेत जाते. वही घेऊन माझ्यापुढे बसली.

"मोठी आजी, तुला कशाचं रिग्रेट आहे? शुड हॅव घालून पाच वाक्यं करायचीत. घरातल्या मोठ्या माणसाला विचारून."

मला हसू आलं. गोड नव्हे.

"लिही," मी म्हणाले. "मास्तरनं कागद ओढायला नको होता. मुकादमानं मला वर्गातनं न्यायला नको होतं. खांबाचं डोकं उडवायला नको होतं. सरनं मला झाडू घेऊन उभं करायला नको होतं. अन् बाईनं बिचारी म्हणायला नको होतं. झाली पाच."

पोरगी पेन्सिल चावत म्हणाली, "असं नाही गं. मॅम म्हणाल्या, आय शुड हॅव. स्वतःबद्दल. तू काय करायला पाहिजे होतं ते."

"माझ्या बाजूनं काई ऱ्हायलं न्हाई. मी पळत गेले, बसले, लिहिलं. पुढचं त्यांनी करायचं होतं."

आतून विमल आली. पदराला हात पुसत म्हणाली, "आक्का, पोरीचे मार्क जातील. सांग की काहीतरी साधं. शिकायला पाहिजे होतं म्हण. काय बिघडतंय?"

तोच सौदा. तेच तोंड. माझीच बहीण.

"मार्क जाऊ देत," मी म्हणाले. "मी सांगितलं तसं लिहायचं असंल तर माझं नाव घाल. न्हाईतर दुसरी म्हातारी बघ. ह्या म्हातारीच्या नावावर ते वाक्य चढणार न्हाई."

विमल मला म्हणाली, "तू काई बदलणार न्हाईस."

नाही बदलणार. पश्चात्ताप करायचाय त्यांनी करावा. त्यांची पोरं आहेत, नातवंडं आहेत, त्यांच्याही वह्या असतील. त्यांना कोणी विचारलेलं मी अजून ऐकलं नाही. माझ्याभोवतीची माती सगळी गेली, ती परत येत नाही. पण मी मधे उभी आहे. माझ्याकडे बघून किती खणलं ते मोजता येतं, म्हणूनच सगळ्यांना मी बुटकी पाहिजे. आजवर फावडं घेऊन परके आले. आता घरातूनही येतात, गोड बोलून.

कोणीही येऊ दे. या खांबाचं डोकं मी उडवू देणार नाही. घरच्यांनाही नाही.